तबकडीची आणेवारी

तबकडी, म्हणजे गाण्याची रेकॉर्ड, हातात घ्यायची आसंल तर आधी हात धुवा. चहाचे हात, शेंगदाण्याचे हात, घामाचे हात मला चालत न्हाईत. दोन तळव्यांत कडेनं धरायची, पोटाला बोट लागू द्यायचं न्हाई. मंग उन्हाकडं पाठ करायची, तबकडी जरा कलती धरायची, डावा डोळा मिटायचा आन् मान उजवीकडं टाकून बघायचं. रेष न् रेष दिसती. नुसता वरवरचा ओरखडा कुठला, नखाला लागणारा कुठला, बोथट सुईनं कुठं राखाडी करून ठेवलंय, समदं कळतं. मधल्या भोकाभोवतीचे वण बघून तबकडीनं किती लग्नं लावली ते बी मी सांगतो. मंग आकडा बोलतो. सोळा आणे, बारा आणे, नऊ आणे. आठच्या खालची मी घेत न्हाई.

शहरातले शौकीन लोक ह्याला इंग्रजी अक्षरं लावतात म्हणं. कय्युमनं मला ती शिकवायचा लई प्रयत्न केला. मी म्हणलं, "चूप बस बे. चौतीस वर्षं तलाठी व्हतो मी. शिवारात हुबं राहून पिकाची आणेवारी केली. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, चार आणे म्हणजे नुसती धसकटं. मला दुसरं माप येत न्हाई आन् ह्या वयात शिकायचं बी न्हाई."

कय्युमचं बीडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय. कॅसेटी आल्या तवा मंडपवाल्यांनी पेट्याच्या पेट्या रेकॉर्डी किलोवर भंगारात घातल्या, आन् ह्या येड्यानं त्या उचलून माळ्यावर रचल्या. मी रिटायर झाल्यावर घरात बायकोला अडचण व्हायला लागलो, मंग त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. बसता बसता भागीदार झालो. यंत्र त्याचं, डोळा माझा. आणेवारी झाली की कव्हराच्या उजव्या कोपऱ्यात शाईच्या पेन्सिलीनं, जिभेला लावून, आकडा लिवतो आन् खाली सही ठोकतो. पुण्याचं गिऱ्हाईक त्या सहीवर डोळे मिटून माल घेतं.

एकाच गोष्टीवर आमचं कायम भांडण. कय्युम म्हणायचा, "भाऊसाब, आकडा लिवायच्या आधी एकदा वाजवून तर बघा." मी म्हणायचो, "हातच्या काकणाला आरसा कशाला? डोळ्याला दिसतंय ते कानाला कावून विचारायचं?" तो गप बसायचा. तो गप बसला की मला लई राग यायचा, कारण तो खरा हाय हे मला ठावं व्हतं.

आता एक सांगून टाकतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. चौतीस वर्षांत मी एकदा खोटी आणेवारी लिवली. पैसे खाऊन न्हाई. आळसानं.

बहात्तर साल. मी चोवीस वर्षांचा, नोकरी नवी, पायात बूट नवे आन् ते चावत व्हते. उमापूरच्या पल्याड एक गाव हाय, त्याचं नाव मी घेत न्हाई. तिथल्या पिकाची आणेवारी करायची व्हती. दुपारची येळ, सायकल ढकलून ढकलून जीव मेटाकुटीला आलेला. सडकंला लागून तीन-चार वावरं व्हती, त्यांना विहिरीचं पाणी व्हतं, आन् जवारी कशी हिरवीगार हुबी. वावरांच्या मागं एक टेकाड. टेकाडाच्या पल्याड सारं शिवार. मी सडकंवरच हुबा राहिलो. डावा डोळा मिटला, मान उजवीकडं टाकली आन् लिवलं, नऊ आणे. टेकाड चढलो न्हाई.

टेकाडाच्या पल्याड कुसळ बी उगवलं न्हवतं. ते मला नंतर कळलं, माझी बदली झाल्यावर. आजूबाजूच्या गावांना दुष्काळ जाहीर झाला, रोजगाराची कामं निघाली, गुरांना सरकारी छावणी मिळाली. ह्या गावाला काही न्हाई, कारण कागदावर तिथं नऊ आणे पीक व्हतं. तो आकडा माझा व्हता. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी घालत न्हाई.

तवापासनं एक सपान पडतं. मी सडकंवर हुबा आसतो आन् समोर जवारी डोलत आसती. लई गोड वारा सुटलेला आसतो. मी वावरात शिरतो, हात लावतो, तर जवारीच्या ताटाला पाठीमागची बाजूच न्हाई. म्होरून हिरवं, मागून काहीच न्हाई. आन् त्या काहीच न्हाईतून कुणीतरी बघत आसतं. मला जाग येती आन् बायको म्हणती, "पाणी पिऊन झोपा."

तर त्या उन्हाळ्याची गोष्ट. पाऊस न पडायचं तिसरं वर्ष. पालीच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत व्हती. कय्युम म्हणला, "भाऊसाब, उमापूरच्या पुढं एका सोसायटीची पेटी निघालीय. साठेक रेकॉर्डी हायत. निघू सकाळी." मी जीपमध्ये बसलो. उन्हानं आन् हिसक्यांनी डुलकी लागली. जाग आली तवा म्होरं सडकंवर मृगजळ हालत व्हतं, आन् त्या मृगजळात एक टेकाड तरंगत व्हतं.

मी वळखलं. माणूस इसरल, पर टेकाड कसं इसरल?

"जीप फिरव," मी म्हणलं.

"कावून?"

"फिरव म्हणतो ना बे!"

कय्युमला माझी ती गोष्ट ठावं व्हती. त्यानं टेकाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् जीप न फिरवता म्हणला, "चव्वेचाळीस वर्षं झाली, भाऊसाब. तवाचे केस गेले, दात गेले. घरात तुमाला भाभी नीट वळखत न्हाई, गाव काय वळखतंय!" मला हसू आलं न्हाई. मी टोपी डोळ्यांवर वढली.

गावात शिरल्या शिरल्या गुरांची छावणी लागली. हिरव्या जाळीच्या सावलीत शंभरेक जनावरं उसाचे तुकडे चावत हुबी. ह्या सालचा आकडा खरा लिवलेला दिसतोय, मी मनात म्हणलं. छावणीच्या समोर सोसायटीचं गोदाम पाडायचं काम चाललं व्हतं. गोदामाला लागून एक दोन खणांचं घर, आन् घराच्या ओट्यावर पेटी घेऊन वच्छलाबाई बसलेल्या. साठी वलांडलेली बाई, वाळकी, ताठ. त्यांचे मालक आश्रुबा सोसायटीचे राखणदार व्हते; सोसायटीचा भोंगा आन् रेकॉर्डी वाजवायचा चाबीचा बाजा त्यांच्याच ताब्यात. सभासदाच्या घरी लग्न निघालं की तेच वाजवायला जायचे. सहा वर्षांमागं ते गेले. गोदाम पाडायला काढलं तवा पेटी बाईकडं आली.

कय्युमनं सलाम केला. बाईनं आमा दोघांत एक तांब्या पाणी दिलं. तिथं एक तांब्या पाणी म्हणजे काय, ते मी सांगायला नगं. मी घोटभर घेतलं आन् कामाला लागलो.

एकेक रेकॉर्ड काढायची, कलती करायची, आकडा लिवायचा. आश्रुबांनी लई निगुतीनं ठेवल्या व्हत्या. दहा आणे, बारा आणे, अकरा. मी पेटीत पार रमलो. फक्त एक गोष्ट खटकत व्हती. बाई रेकॉर्डीकडं बघत न्हवत्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या.

पेटी संपली तवा त्या आत गेल्या आन् खणाच्या कापडात गुंडाळलेली एक लहान रेकॉर्ड, कव्हरासकट, घेऊन आल्या. "ही सनईची हाय," त्या म्हणल्या. "हिची आणेवारी करा. वाजंल का न्हाई, तेवढं सांगा. वाजली तर मला एकदा ऐकायची हाय. मंग पेटी तुमची. न्हाईच वाजली, तर पेटीचं मी बघते काय करायचं ते."

"एवढं काय हाय हिच्यात, आक्का?" कय्युमनं इचारलं.

बाईनं छावणीकडं हात केला. "बहात्तरला ह्या गावाला छावणी न्हाई मिळाली. मंग सोसायटीनं आपली आपण केली. ज्याच्याकडं कडब्याच्या चार पेंढ्या, त्यानं दोन आणून टाकायच्या. अठ्ठेचाळीस दिस चालली. सांजंला हौद भरला की आमचे मालक ही रेकॉर्ड लावायचे. सनई लागली की जनावरं आपल्या पायानं हौदावर यायची, हाकायचं काम न्हाई. येकुणपन्नासाव्या दिशी कडबा सरला. बायांनी गुरांच्या कपाळाला कुकू लावलं आन् माळावर सोडून दिली. जगा म्हणलं कुठंबी जाऊन."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"सांज झाली. मालकाला बसवंना. हाताला सवय, येड्यागत उठले आन् चाबी देऊन रेकॉर्ड लावली. आन् समदी परत आली वो. माळावरनं धूळ उडवत समदी परत आली आन् हौदावर येऊन हुबी राहिली. हौद कोरडा." बाईंनी खणाच्या कापडाची गाठ सोडली. "त्या दिसापासनं त्यांनी ही लावली न्हाई. दर पोळ्याला मात्र बैलासंगं धुवायचे. म्हणायचे, ही बी माझ्या दावणीचीच. आन् शेवटाला, बाजंवर पडल्या पडल्या म्हणले, वच्छे, एकदा लाव, बघू कोण कोण येतंय. कशानं लावू? बाजा तर मी कवाच मोडीत घातलता."

ही बया, ही रेकॉर्ड, आन् मी. मला तिथून पळायचं व्हतं, खरंच सांगतो. पळायचा एकच रस्ता मला येतो, तो म्हणजे काम लवकर उरकायचा. मी रेकॉर्ड घेतली, उन्हाला पाठ केली. पांढरी फटक. रेषा दिसंनात, जणू कुणी चुना फासलाय. डावा डोळा मिटला, मान उजवीकडं टाकली.

"चार आणे," मी म्हणलं. "बुरशीनं खाल्ली. ही वाजायची न्हाई, बाई. उगं आस धरू नका."

बाई हालल्या न्हाईत. हळूच म्हणल्या, "सडकंवरनंच बघितलं म्हणायचं."

कय्युमचा हात पेटीवर तसाच राहिला.

"मघापासनं बघते मी," बाई म्हणल्या. "तवाबी आसाच डावा डोळा मिटलता तुमी. आशीच मान टाकलती. मी जवारीच्या ताटाआड हुबी व्हते, डोक्यावर भाकरीचं गठुडं घेऊन. तुमाला हाक मारणार व्हते, साहेब, जरा टेकाडाच्या पल्याड या म्हणून. तोंडातून शब्द फुटंना. नवी नवरी व्हते, लाजले. तुमी सायकल वळवून गेलात." त्यांनी पदर सावरला. "आता काही लाज राहिली न्हाई मला. पल्याड जाऊन बघा, तलाठी साहेब."

चाळीस-चव्वेचाळीस वर्षं सपनात ताटाआडून बघणारं कोण, ते मला त्या ओट्यावर कळलं. मला लाज वाटली. एवढी लाज की डोळे वर करवंनात. त्या बाईला वाटत व्हतं आपण हाक मारली न्हाई म्हणून झालं. चूक माझी, आन् तिचा अर्धा भार ती डोक्यावर घेऊन फिरत व्हती.

कय्युमनं माझ्या हातातून रेकॉर्ड काढून घेतली. नखानं कडेला जरा खरवडलं, जिभेला लावलं आन् म्हणला, "भाऊसाब, बुरशी कुठली? खारट हाय ही. आक्का, पोळ्याला कुठल्या पाण्यानं धुवायचे मालक?"

"बोअरच्या. त्यांच्यामागं मी बी धुतेच की दरसाल."

"तेच. बोअरचा क्षार बसलाय हा. तुमी जेवढी माया केली, तेवढी ही पांढरी झाली."

बाईंचं तोंड बारीक झालं. "मंग आमीच मारली का हिला?"

"मेली न्हाई. थांबा."

त्यानं जीपमधून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली. त्याच्या डब्याच्या पिशवीत कांद्यावर टाकायला सिरक्याची कुपी कायम आसती, त्यातले चार थेंब त्या पाण्यात टाकले. मधल्या कागदावर डबीचं झाकण दाबून धरलं, आन् मलमलच्या तुकड्यानं रेषेच्या बाजूनं, गोल गोल, हळूहळू पुसायला लागला. म्होरं छावणीतली जनावरं रवंथ करत व्हती, हिरव्या जाळीची सावली त्यांच्या पाठीवरनं सरकत व्हती. पांढरं पाणी ओट्यावरनं ओघळून मातीत जिरलं. चौथ्या पुसण्याला पहिली रेष दिसली. मंग दुसरी. मंग सारी रेकॉर्ड काळीभोर निघाली, डोहातून वर आलेल्या म्हशीगत.

मी पुन्हा बघायला हात म्होरं केला. कय्युमनं दिली न्हाई. "आता डोळ्याचं काम न्हाई, भाऊसाब," तो म्हणला. आन् मी, रागीट माणूस, निमूट हात मागं घेतला.

त्यानं जीपच्या बॅटरीला तार जोडली, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र ओट्यावर ठेवलं, सुई सोडली. आधी नुसती तडतड, तव्यावर जवारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. बाईंनी डोळे मिटले. तडतडीच्या आतून, लई लांबून, सनई आली. पहिल्यांदा कापरी, मंग भरून. कुठं आडली न्हाई, कुठं खरवडली न्हाई.

वारा पडला व्हता. ऊन पांढरं झालं व्हतं. छावणीतल्या एका बी जनावरानं कान हालवला न्हाई. त्यांना कुठं ठावं व्हती ती सनई? पर वच्छलाबाई डोळे मिटून बोलायला लागल्या. "पाखऱ्या आला. त्याच्यामागं मैना. मैनेचं वासरू. सोसायटीचा वळू. आप्पारावाची लंगडी गाय बी आली, आली गं बाई, पोचली." मी टेकाडाकडं बघितलं. आईची शपथ घेऊन सांगतो, टेकाडावर धूळ उठली व्हती. त्या धुळीतून कपाळाला कुकू लावलेली जनावरं उतरत व्हती, सावकाश, घाई न करता. खूर वाजत न्हवते. ती सडक वलांडून आली, पाडलेल्या गोदामाच्या दगडांतून आली, आन् आमच्या ओट्याभोवती हुबी राहिली. मला त्यांच्या अंगाचा वास आला. एक पांढरी गाय थेट माझ्याकडं बघत व्हती. तिच्या डोळ्यांत राग न्हवता, नुसती तहान व्हती. मी तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्याकडं सरकवलं, हे मला चांगलं आठवतं.

सनई संपली. सुई शेवटच्या रेषेत खरर खरर फिरत राहिली. ओट्याच्या म्होरं कुणी न्हवतं. तांब्या कलंडला व्हता आन् माती वली झालती. माझ्या गालावर पाणी व्हतं, ते पुसायचं बी मला सुचलं न्हाई.

बाईंनी डोळे उघडले. "किती आणे?" त्यांनी इचारलं.

"सोळा," मी म्हणलं. "सोळा आणे, बाई."

मी पेन्सिल जिभेला लावली आन् कव्हर म्होरं वढलं. बाईंनी कव्हरावर हात ठेवला.

"हिची नका लिवू. हिची ऐकली मी. आमची लिवा."

आधी मला उमगलं न्हाई. मंग उमगलं. मी उठलो. बूट घातले, टेकाडाकडं चालायला लागलो. अडुसष्ट वर्षांचे गुडघे, भर दुपार. मागनं कय्युम वरडला, "भाऊसाब, ऊन लागंल!" मी वळून बघितलं न्हाई. टेकाड फार मोठं न्हाईच वो. दहा मिंटांची चढण. दहा मिंटांची! वर हुबा राहिलो. पल्याड सारं शिवार पसरलं व्हतं, ह्या सालचं, उघडंबोडकं, भेगाळलेलं, नजर पोचंल तिथवर. त्या साली बी आसंच आसणार. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी लई येळ बघितलं.

खाली येऊन कव्हराच्या उजव्या कोपऱ्यात लिवलं: 'सन बहात्तर. खरीप. दोन आणे.' खाली सही केली, पुरी, नावासकट. त्याच्याखाली लिवलं, 'तलाठी'.

बाईंना वाचता येत न्हवतं. त्यांनी कय्युमकडून वाचून घेतलं. दोनदा घेतलं. मंग कव्हराची घडी न मोडता ते खणाच्या कापडात ठेवलं, गाठ मारली, आन् नागडी रेकॉर्ड माझ्या हातात दिली.

"ही न्या," त्या म्हणल्या. "कव्हर मला ऱ्हाऊ द्या."

मी टोपी काढली, रेकॉर्ड टोपीत ठेवली आन् बीडपातूर मांडीवर धरून बसलो.